उजनी प्लसमध्ये, फळी मायनसमध्ये

आमच्या पट्ट्यात संक्रांतीला पतंग उडवत नाहीत. संक्रांतीला तिळगूळ. पतंग नागपंचमीचा. कारण साधं आहे, वारं तेव्हा असतं. आषाढ लागला की सह्याद्री ओलांडून जो वारा येतो, तो सगळा पाऊस महाबळेश्वरात उतरवून माळशिरसला मोकळ्या हातानं पोचतो. पाहुण्यानं दारात भली मोठी पिशवी टेकवावी, पोरांनी आशेनं बघावं आणि पिशवीतून त्याचेच मळके कपडे निघावेत, त्यातला प्रकार. वर ढग पळत असतात, खाली पत्रे वाजत असतात आणि दोरीवरचं धोतर शेजारच्या गल्लीत सापडतं. याला आम्ही आखाडाचं वारं म्हणतो. याचे आजवर दोनच उपयोग होते. पोरांना पतंग उडवायला, आणि मोठ्यांना पाऊस का पडत नाही याचं कारण सांगायला.

२०२४ साली तिसरा उपयोग करायला माझा पुतण्या पुण्याहून आला.

तो आला त्या दिवशी माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामी होती. गाव माणसांनी भरलेलं, रस्ते बंद, त्यामुळं पठ्ठ्या गाडी लांब लावून चालत आला. डोक्यावर चार फुटी फळी, खांद्यावर लांबट काळी पिशवी. पिशवीचं एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. वारकऱ्यांना वाटलं वीणा. वीणेकऱ्याला वाट द्यायचीच असते, सगळी दिंडी बाजूला सरली. एका म्हाताऱ्यानं वाकून नमस्कार केला आणि वाकल्यावर त्याला दिसलं की वीणेकऱ्यानं अर्धी चड्डी घातलीय.

"माउली, ही कसली फळी म्हनायची?"

"काइट फॉइल बोर्ड आहे, काका."

म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. "असू द्या, माउली," म्हणाला आणि टाळ वाजवत पुढं गेला.

या वस्तूबद्दल पुढच्या महिन्याभरात मी जेवढी मतं ऐकली, त्यांत हे सर्वांत समंजस.

फळी ओसरीवर टेकवल्याबरोबर आमची ही म्हणाली, "इस्त्रीचं टेबल आणलंस होय रे? पाय कुठायत?" पाय पिशवीत होता. एकच. मीटरभर उंचीचा, काळा, पट्टीसारखा चपटा दांडा आणि त्याच्या खालच्या टोकाला एक छोटं विमान. पुढं मोठा पंख, मागं बारका पंख, मध्ये दांडी. हे विमान पाण्याखाली चालतं, दांडा पाणी कापतो, फळी पाण्याच्या वर दोन-अडीच फूट हवेत आणि फळीवर माणूस. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. माणूस काही न करता पाण्यावरून तरंगत चाललेला. चमत्कार करणाऱ्या बाबांच्या जुन्या गोष्टींत असतं तसं, फक्त बाबांच्या अंगावर रबरी कपडे.

मी तेहतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, त्यामुळं मला यात खोट दिसेना. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. विमानाला उचलायला हवेत जेवढे पंख लागतात, त्याच्या मानानं पाण्यात अगदी चिटुकले पुरतात, फक्त वेग पाहिजे. कल्पनाही नवी नाही. १९०६ साली एन्रिको फोर्लानिनी नावाच्या इटालियन इंजिनिअरनं माज्जोरे तलावावर असली बोट पाण्याबाहेर काढून दाखवली होती. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल उतारवयात याच नादाला लागले. १९१९ साली त्यांच्या एचडी-४ बोटीनं कॅनडात तासाला ११४ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा बेलसाहेबांचं वय ७२. माझं ६१. हा विचार मनात आला तो मी हिच्यापुढं बोललो नाही.

खोट दुसरीकडं होती. ती कळायला मला फळीच्या पोटावर छापलेला एक आकडा वाचावा लागला.

झालं होतं असं. वाऱ्यावर फळी ओढायची दोन साधनं आहेत. एक पतंग. साधासुधा नाही, खोलीएवढा. वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला, आभाळात. दुसरा पंख, म्हणजे विंग. हवा भरून फुगवायचा, दोन्ही हातांनी धरायचा, दोऱ्या नाहीत, काही नाही. हा पंख २०१९च्या आसपास बाजारात आला आणि पतंगवाल्यांची बरीच गर्दी तिकडं गेली. पुतण्यानं नवा कोरा पंख घेतला. त्यात पैसे संपले. मग गोव्यात कोणीतरी परदेशी माणूस मायदेशी परतताना आपली फळी फुंकून टाकत होता, ती यानं उचलली. ती पतंगाची फळी होती. "बोर्ड तो बोर्ड," हे त्याचं तत्त्वज्ञान. सोयरिकीच्या बाबतीत आमच्या आधीच्या पिढीचं जवळजवळ हेच होतं, आणि तिथंही फरक लग्नानंतरच कळायचा.

फरक असा. पतंग आभाळातून ओढतो. तुम्ही पाण्यात उताणे पडून पाय फळीत अडकवायचे आणि पतंगाला खूण करायची, तो तुम्हाला फळीसकट उचलून उभा करतो. विहिरीतून पोहरा काढावा तसा. त्यामुळं पतंगाच्या फळीनं तुम्हाला तरंगवायची गरजच नसते. ती बारकी, पातळ, नाजूक केली तरी चालते. पंखाचं तसं नाही. पंख तुमच्याच हातात. तो तुम्हाला उचलणार कसा? म्हणून आधी फळीवर गुडघ्यावर बसायचं, पंख वाऱ्यात धरायचा, थोडा वेग आला की एक पाय, मग दुसरा पाय, मग उभं. म्हणजे फळीनं आधी तुम्हाला तोलून धरलं पाहिजे. शिकाऊ माणसाच्या फळीचं माप त्याच्या वजनापेक्षा वीस-तीस लिटर जास्तीचं असावं लागतं. पुतण्या ८२ किलो. म्हणजे ११० लिटरची फळी हवी.

फळीच्या पोटावर छापलेला आकडा होता २८ लिटर.

मी आतून पेन आणलं. पुतण्या ८२, फळी आणि तो लोखंडी वाटणारा दांडा मिळून सात, पंख तीन. एकूण ९२ किलो. ९२ किलो तरंगायला ९२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. आर्किमिडीज. फळी सारणार २८. उरलेले ६४ लिटर कोण सारणार? पुतण्याच. ६४ भागिले ८२.

"पाऊण," मी म्हणालो.

"काय पाऊण?"

"पाऊण पुतण्या पाण्याखाली ठेवावा लागेल. मग फळी तरंगेल."

तो हसला. म्हणाला, "काका, पट्टीचे लोक बुडणाऱ्या फळीवरूनही उठतात. त्याला सिंकर म्हणतात." मी म्हणालो, नावात सगळं आलं. आणि खाली ते जे विमान होतं तेही पतंगाच्या शर्यतीचं, पुढचा पंख एका ए-फोर कागदाएवढा. पतंगाच्या वेगाला तेवढा रग्गड. हातातल्या पंखाच्या मंद वेगाला त्याच्या दुप्पट-अडीचपट लागतो. थोडक्यात, तरंगायला वेग पाहिजे, वेग यायला उभं राहिलं पाहिजे आणि उभं राहायला तरंगलं पाहिजे. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा दाखला लागतो आणि वडिलांच्या दाखल्यासाठी आजोबांचा, त्यातलाच हा फेरा.

तरीही मी त्याला परत पाठवलं नाही. पाठवायला तोंड नव्हतं. आमच्याकडं कुठली वस्तू तिच्या नेमाच्या कामावर टिकलीय? सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांवर ऊन लागू नये म्हणून जुन्या साड्या पांघरतात. लांबून बघावं तर दोन एकर बायका ओळीनं पाठमोऱ्या उभ्या आहेत असं वाटतं. मोडक्या सायकलचं पुढचं चाक काढून त्याचं कोळपं होतं. एम-८० ही गाडी माणसं न्यायला काढली होती म्हणतात. मी तरी तिच्यावर दुधाच्या किटल्याच पाहिल्या, माणूस किटल्यांमध्ये उरलेल्या जागेत असायचा. आणि २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडं गुळाची काहील नाव म्हणून पाण्यात उतरली, ते तर साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं. काहिलीची गंमत अशी की तिला वल्हं कुठूनही मारलं तरी ती गोल फिरते, पण बुडत नाही. मी स्वतः विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळ्यानं तक्रार केली नाही. तेव्हा पतंगाच्या फळीला पंख चालणार नाही हे आमच्या गावात बसून म्हणायचा अधिकार मला नव्हता.

पंखात हवा भरायचा प्रसंग वेगळाच झाला. पुतण्याच्या हातपंपाची नळी कारमध्ये चिरडली होती, म्हणून आम्ही तो गुंडाळा घेऊन पंक्चरवाल्याकडं गेलो. त्यानं तो दुकानापुढं पसरला, एकदा चालत त्याला फेरी घातली आणि व्यवसायातला तेवढाच प्रश्न विचारला. "पुढच्या चाकाएवढी का मागच्या?"

"सात पीएसआय," पुतण्या म्हणाला.

"सात?" पंक्चरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "सर, सातला तर लुनाबी चालत न्हाई."

पण भरली. नोझलला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, कानानं ऐकत, हळूहळू. पाच चौरस मीटरचा निळा-पिवळा पंख फुगून उभा राहिला आणि आखाडाच्या वाऱ्यानं तो तत्काळ ताब्यात घेतला. पुतण्यानं एक टोक धरलं, पंक्चरवाल्यानं दुसरं, मी उगाच ओरडलो. पंख शेजारच्या चहाच्या टपरीवर जाऊन छपरासारखा बसला. टपरीवाला आतून म्हणाला, "सावली बरी पडलीय, राहू द्या तासभर."

त्या दिवसापासून गावात वावड्या उठायला लागल्या. वावडी म्हणजे पतंगच, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नव्हता. कोणी म्हणालं पोरगं पाणीपुरवठा योजनेच्या सर्व्हेला आलंय. कोणी म्हणालं पिक्चरचं शूटिंग आहे. एका शहाण्या शेतकऱ्यानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "याला अनुदान किती बसतं?"

आता पाणी. उजनीला जायचा मूळ बेत होता, पण जुलैच्या त्या आठवड्यात उजनी मायनसमध्ये होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सोलापूर जिल्ह्यात धरणाची पातळी बँकेच्या खात्यासारखी बोलतात. तळचं ६३ टीएमसी पाणी हा मृतसाठा, तो धरायचाच नाही. पाणी त्याच्या खाली गेलं की उजनी मायनसमध्ये, वर आलं की प्लसमध्ये. लग्नात, मयतीत, एसटीत, कुठंही दोन माणसं भेटली की "कितीवर आलं?" एवढंच विचारतात आणि दुसऱ्याला कळतं. तर उजनी मायनस, म्हणून आम्ही आमच्या तात्यांच्या शेततळ्यावर गेलो. तात्या माझे वर्गमित्र. 'मागेल त्याला शेततळे' या योजनेतलं, तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत काळा प्लास्टिकचा कागद.

पहिली अडचण गणितातच आली. फॉइल उठलं की सेकंदाला सात-आठ मीटर जातं. तीस मीटरचं तळं चार सेकंदांत संपतं. पुतण्या म्हणाला, चार सेकंद मिळाले तरी पुष्कळ.

दुसरी अडचण तात्या होते. त्यांनी दांड्याखालच्या पंखाच्या धारेवरून अंगठा फिरवला. इळ्याची धार बघतात तसा, आडवा. मग कागदाकडं बघितलं. मग पुतण्याकडं.

"आरं, हे कागदाला लागलं म्हंजी?"

"नाही लागत, तात्या. मी मधेच राहणार."

"तू राहशील. वारं राहील का?"

शेवटी दोन्ही पंखांच्या टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची या अटीवर परवानगी मिळाली. पुतण्या दोरीच्या शिडीवरून पाण्यात उतरला, मी फळी सरकवली, तात्यांनी पंख दिला. तो फळीवर बसला आणि माझं गणित माझ्या डोळ्यांदेखत खरं ठरलं. फळी गेली, गुडघे गेले, कंबर गेली, छातीपर्यंत येऊन पुतण्या थांबला. पाऊण. मला तेहतीस वर्षांत आर्किमिडीज इतका स्वच्छ दाखवता आला नव्हता. पाण्याच्या वर डोकं, खांदे आणि दोन हातांत धरलेला फडफडता पंख. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "निम्मा भिजल्यावर छत्री कशाला उघडलीय त्यानं?"

तासाभरानं आमच्या फॅब्रिकेशनच्या मिस्त्रीला बोलावलं. तो माझा विद्यार्थी, बाराव्या बाकावरचा. त्यानं मापं घेतली नाहीत, फक्त डोळे बारीक केले. "सर, ह्याला खाली बळ हाय, वर बळ न्हाई." आणि शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले चार इंची पीव्हीसीचे सहा-सहा फुटी दोन तुकडे आणले, दोन्ही तोंडांना टोप्या बसवून सोल्युशन मारलं आणि फळीच्या दोन अंगांना नायलॉनच्या दोरीनं आवळले. मी हिशेब केला. एका पाइपात सुमारे पंधरा लिटर हवा, दोन्हींत तीस. पाण्याखालचा पुतण्या पाऊणवरून निम्म्याच्याही खाली आला. बाराव्या बाकावरच्या मुलाकडं आपण उगाच दुर्लक्ष केलं असं मला तेव्हा वाटलं.

आणि ते तरंगलं. खरंच तरंगलं. पुतण्या गुडघ्यावर बसला, मांडीभर पाण्यात, पण बसला. पंख वाऱ्यात धरला. पाइप, फळी, पुतण्या असं सगळं बिऱ्हाड हळूहळू पुढं सरकू लागलं. काठावरच्या दहा-बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाइप पाण्याला इतके अडत होते की वर उठायचा प्रश्नच नव्हता, मढ्याच्या गाडीच्या चालीनं ते चाललं होतं. पण चाललं होतं. आम्ही सगळे चालण्याकडं बघत होतो, त्यामुळं कुठं चाललंय हे फक्त तात्यांना दिसलं. तळ्याच्या कडा उतरत्या असतात. काठ दीड मीटरवर आला की खालचा मीटरभर दांडा कागदाला भिडणार.

"कागद!" तात्या एवढंच ओरडले आणि धोतर-टोपीसकट पाण्यात.

तात्या माझ्याच वयाचे, पण त्या उडीत ते शाळेत असताना दिसायचे तसे दिसले. त्यांनी डाव्या हातानं शिडीची दोरी धरली, उजव्या हातानं फळीचं तोंड धरलं आणि ते बिऱ्हाड कागदापासून हातभर अंतरावर थोपवलं. पुतण्या घाबरून पाण्यात पडला, पंख मनगटाच्या दोरीला तडफडत राहिला. कागदाला ओरखडा नाही. तात्यांची टोपी मात्र तळ्याच्या मधोमध तरंगत होती, कुठल्याही पाइपाशिवाय.

त्यानंतर आम्हाला त्या तळ्यावर चहा मिळायचा, पाणी नाही.

जुलैअखेर पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं, उजनी प्लसमध्ये आली आणि बघता बघता भरलीही. नागपंचमीच्या आठवड्यात आम्ही निघालो. अकलूज, सराटीला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा, मग इंदापूर, मग पळसदेवच्या बाजूला बॅकवॉटर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की इथं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि माणसं बघायला जातात. आता देवळाच्या जागी नुसत्या लाटा होत्या. मे महिन्यातच कळाशी-कुगावच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला होता. काठावरचं कोणी ते विसरलं नव्हतं. पुतण्याला लाइफ जॅकेट होतंच, तिथल्या मच्छीमारानं ते दोनदा ओढून बघितलं आणि मगच पाण्याकडं बोट केलं.

पुतण्याचा हुरूप त्या आठवड्यात शिगेला होता, कारण पॅरिस ऑलिम्पिक चालू होतं आणि त्यात पतंगाच्या फॉइलची शर्यत पहिल्यांदाच घेतली होती. पॅरिसला समुद्र नाही म्हणून शर्यत मार्सेलला. तिथं वाराच पडला, म्हणून खेळाडू ताटकळत बसले. इकडं आमच्या कानांत वारं घोंगावत होतं आणि बसायला फळी नव्हती. पुरुषांचं सोनं शेवटी व्हॅलेंटिन बोंटुसनं जिंकलं. ऑस्ट्रियाचा. "काका, ऑस्ट्रियाला समुद्रच नाही," पुतण्या म्हणाला, जणू माळशिरसची बाजू मांडून झाली. मी त्याला म्हणालो नाही की बोंटुसकडं पतंगाच्या फळीसाठी पतंग होता.

पाइप त्यानं काढून टाकले होते. उजनीवर सिंकरच करायचं, असं ठरवून आला होता. तासभर तो पाण्यात होता. पंख वाऱ्यात धरायचा, फळी पायांनी चाचपायची, अर्धवट उठायचं, आडवं व्हायचं. एकदा दांड्याला जलपर्णी गुंडाळली, ती सोडवण्यात दहा मिनिटं. वारं ताशी तीस-पस्तीस किलोमीटर होतं. त्याहून कमी असतं तर तो इतकाही उठला नसता. मच्छीमार काठावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. पुष्कळ वेळानं म्हणाला, "मास्तर, त्या फळीला कोन तरी आधी वडायला पायजे. ती वडून घ्यायची सवयीची हाय."

हेच मी ओसरीवर पेन घेऊन सांगितलं होतं. पण ते चार आकड्यांत होतं, हे चार शब्दांत होतं.

त्याच्या भावकीतल्या एकाची इंजिनाची बोट होती. तिला मागं पन्नास फुटांचा दोर बांधला, दोराचं टोक पुतण्याच्या हातात दिलं, पंख माझ्याकडं ठेवला. मला ग्रॅहम बेलच आठवले. १९०७ साली त्यांनी 'सिग्नेट' नावाचा अवाढव्य पतंग माणसासकट आगबोटीला बांधून ओढला होता. तो १६८ फूट वर गेला, सात मिनिटं राहिला, मग अलगद पाण्यावर टेकला, आणि आगबोटीवरच्या माणसाला दोर कापायचं वेळेवर सुचलं नाही म्हणून पाण्यातून फरफटत जाऊन त्याचा चुरा झाला. माणूस वाचला. मी बोटवाल्याला दोर सोडायची गाठ आधी दाखवायला लावली.

इंजिन फटफटलं. दोर ताणला. पुतण्या आधी पाण्यातून नांगर गेल्यासारखा गेला, तोंडावर दोन बाजूंनी पाणी. मग फळी दिसली. मग फळीचा चट्चट् आवाज येऊ लागला, आणि मग तो आवाज थांबला. एवढंच झालं. आवाज थांबला. फळी पाण्याच्या वर वीतभर, मग हातभर, खाली नुसता काळा दांडा पाणी चिरत चाललेला, मागं फेसही नाही. पुतण्या गुडघे वाकवून, तोंड उघडं ठेवून उभा. वारं, इंजिन, सगळं चालूच होतं, पण मला आठवतं ते असं की त्या वेळी काही ऐकू येत नव्हतं. पाच सेकंद असतील. मग त्यानं आनंदानं आमच्याकडं बघितलं. बघायला नको होतं. फळी डाव्या कुशीवर गेली आणि पुतण्या उजव्या.

तो काठावर आला तेव्हा थरथरत होता आणि हसत होता. "पाच सेकंद," म्हणाला. मी म्हणालो सहा. पुतण्याला एक सेकंद द्यायला माझ्याकडं काय जातं?

चिलापी मासळी तळायला टाकली होती. मच्छीमार मात्र तव्याजवळ नव्हता. तो पंखापाशी उभा होता. दोन मुठी कुठं, वरचा फुगलेला दांडा कुणीकडं, हे सगळं त्यानं तासभर बघून घेतलं होतं. "जरा धरू का?" म्हणाला. पुतण्या म्हणाला, धरा. त्यानं पंख उचलला आणि काठावर न थांबता सरळ आपल्या होडीत जाऊन उभा राहिला. पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून. होडी त्याची रोजचीच, त्याला तोलून धरणारी. वाऱ्यानं पंख भरला आणि होडी निघाली. वल्ही आत आडवी पडलेली.

आम्ही कौतुकानं बघत होतो. पन्नास मीटर, शंभर मीटर. होडीच्या तोंडाशी पांढरं पाणी दिसायला लागलं. निळा-पिवळा पंख बारीक होत गेला. नैर्ऋत्येचं वारं, समोर करमाळा तालुका. पुतण्या उभा राहिला. "काका, तो परत कसा येणार?"

पहिली चिलापी खाऊन झाली तेव्हा माझा फोन वाजला. मासे किती वाजता आणू हे विचारायला सकाळी त्यानं नंबर घेतला होता.

"मास्तर, पार पलीकडं आलोय. लई भारी हाय. पन मागं वळवायचं कसं ह्येला? पोराला द्या जरा."

मी फोन पुतण्याकडं दिला. महिन्याभरात ज्याला कोणी शिकायच्या हेतूनं एक प्रश्न विचारला नव्हता, त्याला आज विचारला होता. त्यानं हात पुसले, घसा साफ केला आणि पलीकडच्या काठाकडं बघत, शिकवणीच्या आवाजात म्हणाला, "हां काका, ऐका नीट. सगळ्यात आधी गुडघ्यावर बसा."